ओल्या पोत्याचे कंडक्टर

पैनगंगेच्या अंगाचा डोंगर ज्या वर्षी माथ्यापासून पायथ्यापर्यंत जळाला, त्या वर्षी तो मी पेटवला होता. हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, भावाला नाही, चार घोट पोटात गेल्यावरसुद्धा नाही. आता लिहिलं. लिहून उठलो, दुकानाच्या दारापर्यंत जाऊन आलो, एका गिऱ्हाइकाला मोटारसायकलची साखळी दिली, पुन्हा बसलो. वाक्य खोडावंसं वाटतंय. खोडत नाही.

खरं तर मला कंडक्टरबद्दल लिहायचं होतं. पण त्यांच्याबद्दल काहीही लिहायला घेतलं की हे वाक्य आधी येऊन पुढ्यात बसतं.

ते एसटीत कंडक्टर होते. निवृत्तीनंतरही गाव त्यांना कंडक्टरच म्हणायचं. मी काका म्हणायचो. पांढरकवड्याकडून जंगलातल्या आडरस्त्याने नदी ओलांडून तेलंगणात जाणाऱ्या गाडीवर त्यांची बरीच नोकरी गेली. त्या गाडीत दाराजवळ वाळू भरलेला एक पत्र्याचा डबा असायचा. तो एसटीचा नव्हता, त्यांचा स्वतःचा. जंगल सुरू व्हायच्या आधी ते गाडी थांबवायचे, डबा उचलायचे आणि प्रत्येक सीटपाशी जाऊन उभे राहायचे. ज्याच्या तोंडात बिडी असेल त्याने ती डब्यात विझवायची. सगळ्या विझल्याशिवाय घंटीची दोरी ओढली जायची नाही. लोक शिव्या द्यायचे. एकदा लग्नाचं वऱ्हाड होतं आणि नवरदेवाचा बाप बिडी टाकायला तयार नव्हता. मुहूर्त टळतोय म्हणून बाया रडायला लागल्या. कंडक्टर शांतपणे तिकिटांची पेटी मांडीवर घेऊन पायरीवर बसले. शेवटी नवरदेवानेच बापाच्या तोंडातली बिडी काढून डब्यात खुपसली, तेव्हा घंटी वाजली.

खिडकीतून कोणी थोटूक फेकलं तर गाडी थांबायची, हे उतरून मागे चालत जायचे, पाचोळ्यात वाकून ते थोटूक शोधायचे, चपलेनं चिरडून परत यायचे. गाडी रोज उशिरा पोचायची. डेपोत त्यांच्यावर मेमो निघायचे. ड्रायव्हर त्यांना अग्निशामक म्हणायचा आणि हॉर्न वाजवत राहायचा. यांना त्याचं काही नव्हतं.

मी एकदा विचारलं होतं, काका, एवढं काहून करता? मला वाटलं, लहानपणीची काही गोष्ट असेल, कोणी जळालं असेल. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मीच खुळा.

"काहून म्हंजे? जयते म्हनून."

मी त्यांच्याकडे भाडेकरू म्हणून आलो तेव्हा ते निवृत्त होऊन गावी राहत होते. गाव जंगलाला लागून. मी मूळचा नेरचा, तेंदूपत्त्याच्या ठेकेदाराकडे मुन्शी. उन्हाळ्यात बायामाणसं तेंदूची पानं तोडून, जुड्या बांधून फडावर आणतात. त्या मोजून घ्यायच्या, वाळवायच्या, पोत्यांत भरून पाठवायच्या, हे माझं काम. हंगामाच्या बरंच आधी येऊन फडाची जागा बघावी लागायची. म्हणून खोली. कंडक्टरांनी खोली दाखवली आणि पहिला प्रश्न केला, बिडी पितो का? मी हो म्हणालो. मग त्यांनी अंगणातला एक कोपरा दाखवला, बिडी फक्त तिथे प्यायची, आणि प्यायल्यावर थोटूक त्यांना आणून दाखवायचं. मला वाटलं, गंमत करताहेत. पहिल्याच संध्याकाळी ते हात पुढे करून उभे राहिले. मी शाळेतल्या पोरासारखं थोटूक त्यांच्या तळव्यावर ठेवलं. त्यांनी ते दोन बोटांत चुरगळून पाहिलं आणि आत गेले.

माघ सरला की त्यांच्या खांद्यावर ओलं पोतं यायचं. गोणपाटाचं साधं पोतं, हौदात बुडवून पिळलेलं. आग झोडपायला त्यासारखं काही नाही म्हणायचे. ते पोतं ते दुकानात, देवळात, बारशाला, सगळीकडे नेत. सदऱ्याची पाठ कायम भिजलेली, अंगाला कुबट वास. काकू म्हणायच्या, "याइच्या संगं लग्न लावलं का पोत्यासंगं, मले काई समजत नाई." ते हसायचे नाहीत. पोतं पुन्हा बुडवून आणायचे.

त्यांचं बोलणं बहुतेक आगीवरच असायचं. शाळेच्या ओट्यावर लोक बसले की ते उभ्यानेच सुरू करायचे. धुरे साफ करायला आग लावणारा शेतकरी, मध काढायला धूर करणारा, मोहाखालचा पाला जाळणारा, ससा उठवायला झुडूप पेटवणारा, सगळ्यांची नावं घेऊन, त्यांच्या तोंडावर. "आभायातून आग पडत नाई बाप्पा. आग खिशातून पडते." मग कोणीतरी खोडी काढायचं, की पानवाल्याचं काय? तेंदूचा मुन्शी तुमच्याच घरात हाय. ते माझ्याकडे पाहायचे आणि म्हणायचे, "तो माह्याजवळ थोटूक जमा करते. तुमी करता का?"

लोक हसायचे. मीही.

गावाचं आवडतं उत्तर एकच होतं: पलीकडून आली. नदीच्या पलीकडे दुसरं राज्य, दुसरं वनखातं. मार्चमध्ये नदी म्हणजे वाळू, मधूनमधून डबकी आणि वाळलेलं गवत. त्यामुळे ठिणगी वाऱ्याने येऊ शकते, नाही असं नाही. पण दर आग पलीकडूनच यायची. आमच्याकडचा वनखात्याचा गार्ड कागदावर तसं लिहायचा आणि विषय मिटायचा. पलीकडचे लोक म्हणे इकडे बोट दाखवायचे. कंडक्टरांना त्या शब्दाचा भारी राग. "आगीनं तिकीट काढून नदी ओलांडली काय?" एकदा ते खरंच वाळू तुडवत पलीकडे गेले. तिथे काही लोक गवत जाळत बसले होते. यांना तेलुगू येत होतं ते तिकिटापुरतं, आकडे आणि 'दिगंडी' म्हणजे उतरा. ते आगीकडे बोट दाखवून दिगंडी, दिगंडी ओरडत राहिले. त्या लोकांना काही कळेना, पण खांद्यावर ओलं पोतं घेतलेला म्हातारा ओरडतोय म्हटल्यावर त्यांनी आग विझवली आणि चहा पाजला. मग दर वर्षी ते एकदा तिकडे चहा प्यायला जायचेच.

आता मोहाचं सांगायला हवं, कारण सगळं तिथेच अडकलेलं आहे.

मोहाची फुलं पहाटे गळतात. झाडाखाली पानांचा थर असेल तर फुलं त्यात हरवतात, वेचता येत नाहीत. म्हणून लोक पाला पेटवून देतात आणि घरी जातात. तो पाला कधी जिथल्या तिथे विझतो, कधी डोंगर घेऊन जातो. वनखात्याचा फलक सांगायचा, पाला जाळू नका. कोणी ऐकत नव्हतं. कंडक्टर म्हणायचे, जाळा, पण माझ्या पद्धतीने. पहाटे, दव असताना. आधी खराट्याने झाडाभोवती मातीचा पट्टा झाडून काढायचा, पाला मधे ढीग करून जाळायचा, वरून पाणी मारायचं आणि शेवटी राखेवर तळहात ठेवायचा. हात ठेवता येत नाही तोवर उठायचं नाही. त्यांनी हे घरोघर जाऊन सांगितलं. बाया त्यांची नक्कल करायच्या, चुलीतल्या राखेवर हात ठेवून "गार हाय का जी?" म्हणून एकमेकींना विचारायच्या. पण नक्कल करता करता त्यांनी ते उचललं. वरच्या कोलामपोडावरच्या, म्हणजे डोंगरातल्या कोलाम वस्तीवरच्या, लोकांनीही उचललं, आणि त्यांचं तर निम्मं वर्ष मोहावर चालायचं. मी तिथे होतो त्या पहिल्या वर्षांमध्ये गावच्या बाजूने डोंगराला आग लागली नाही. गार्डसुद्धा मान्य करायचा.

आणि मी त्याच घरात राहून पानांचा हिशोब मनात मांडत होतो.

बिडीला कोवळं, डाग नसलेलं पान लागतं. तेंदूची झुडपं उन्हाळ्याच्या तोंडाशी छाटली तर नवी फूट चांगली येते, पण छाटायला माणसं लागतात. आग ते काम एका दुपारात करते. झुडूप जळतं आणि बुडातून लुसलुशीत पान फुटतं. हे सगळ्या मुन्शींना माहीत असतं. ठेकेदार कधी 'पेटव' म्हणत नाही. आमचा जीपमधून उतरला, डोंगराकडे पाहिलं, म्हणाला, "यंदा पान जरड दिसून राह्यलं, मुन्शी. मागच्या वर्षीबी तसंच होतं." एवढंच. पुढच्या वर्षी मी राहणार की नाही, ते त्या एवढ्या बोलण्यात होतं.

त्या दिवशी पहाटे मी कंडक्टरांबरोबर त्यांच्या मोहाखाली गेलो होतो. डोंगराच्या पायथ्याशी त्यांची झाडं होती. खराटा माझ्या हातात. आम्ही पट्टा झाडला, पाला जाळला, पाणी मारलं. त्यांनी राखेवर हात ठेवला, मलाही ठेवायला लावला. गार होती. ते सावकाश उठले, गुडघे झटकले, घरी गेले. मी फडाची जागा बघून येतो म्हणून नाल्याने वर गेलो. पिशवीत गोवरी होती. माथ्याच्या पलीकडच्या अंगाला, नदीच्या बाजूला, गोवरी पेटवली, धुमसायला लागली तशी पाल्याच्या थराला टेकवून ठेवली आणि उतरलो. गोवरी पाल्याला धरेपर्यंत बराच वेळ जातो. तोवर माणूस घरी पोचून चहा पीत असतो. त्या दिवसांत दुपारचा वारा नदीकडे वाहायचा. आग त्या अंगाची झुडपं जाळून वाळूवर जाऊन मरेल, आणि पलीकडून आली म्हणायला सगळे तयार असतील, असा माझा हिशोब.

वारा फिरला.

धुराचा वास आधी त्यांनाच आला. आम्ही ओसरीवर जेवत होतो. ते उष्ट्या हातानेच उठले, हौदात पोतं बुडवलं आणि पळाले. मीही पळालो. हे खोटं नाही, मी त्यांच्या शेजारी उभा राहून अंधार पडेपर्यंत पळसाच्या फांद्यांनी आग झोडपली, भुवया जळाल्या, पायाला फोड आले. गाव वाचलं. डोंगर गेला. पोडावरच्या लोकांचे मोह ऐन फुलांत होरपळले, एका घराचं छप्पर गेलं. माणसं वाचली. परत येताना कंडक्टरांनी माझ्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाले, तू होता म्हणून निभावलं.

दुसऱ्या दिवशी शाळेच्या ओट्यावर पंचनामा. गार्ड कागद मांडीवर घेऊन बसला होता. गाव जमलं होतं, पोडावरचेही काही लोक उतरून आले होते. गार्डाने विचारायचं म्हणून विचारलं आणि लोकांनी ठरलेलं उत्तर दिलं. पलीकडून आली. तो लिहायला वाकला. माझ्या हातात चहाचा गिलास होता. मला सुटल्यासारखं झालं, ते अजून आठवतं. नुसतं सुटल्यासारखं नाही, भूक लागल्यासारखं.

कंडक्टर मागे उभे होते. त्या दिवशी पोतं नव्हतं खांद्यावर. ते सकाळपासून आपल्या झाडाखाली जाऊन बसले होते, हे मला नंतर कळलं. त्यांच्या पट्ट्याच्या आडवी मोहाची एक जुनी, पोकळ मुळी मातीखालून गेली होती. ती काळी पडलेली त्यांना सापडली. आग वरून त्यांच्या झाडापर्यंत उतरली होती, ती मुळी तेव्हाच जळाली असणार. पण त्यांनी ते उलटं वाचलं.

"पलीकडून नाई आली," ते म्हणाले. "माह्या झाडाखालून आली. लिवा."

गार्डच घाबरला. म्हणाला, काका, बसा तुमी, तुमाले कोनी इचारलं? ते बसले नाहीत.

"म्या मुयी पाह्यली. आतून जयली हाय. इस्तो मुयीतून गेला. वरची राख गार होती, आतला इस्तो नाई इझला. लिवा माह्यं नाव."

मग त्यांनी लोकांत मला शोधलं.

"मुन्शी, तू होता ना संगं? म्या हात ठेवलता ना राखेवर?"

"ठेवलता," मी म्हणालो.

"मंग मुयीतच राह्यला असन."

त्यांना उत्तर हवं होतं. ते माझ्याकडे बघत होते, आरोपीसारखे नाही, तर आपण चुकलो की नाही हे दुसऱ्याकडून ऐकायचं असतं तसे. मी 'नाही' म्हणू शकत होतो. नुसतं, "नाई काका, राख गार होती, तुमची नाई ते," एवढं जरी म्हणालो असतो तरी स्वतःचं नाव न घेता त्यांना सोडवता आलं असतं. गार्डाने 'पलीकडून' लिहिलं असतं आणि मीही सुटलो असतो. मला खोटंसुद्धा बोलावं लागलं नसतं.

"असन," मी म्हणालो.

का म्हणालो, ह्याचा विचार इतकी वर्षं करतोय. नाव पक्कं झालं की पुढे कोणी शोधणार नाही, हे मला त्या क्षणी दिसलं असावं. असावं कशाला, दिसलंच.

केस झाली. रेंज ऑफिसला त्यांना खेटे घालावे लागले. साहेबाने एकदा त्यांना सगळ्यांसमोर म्हटलं म्हणे, गावाला शिकवायला निघाले होते तुम्ही. त्यांनी मान हलवली. ते गावात येऊन हे स्वतःच सांगत. आपली मोहाची झाडं त्यांनी पोडावरच्या लोकांना वेचायला देऊन टाकली. पोडावरची एक म्हातारी म्हणाली, "भाऊ, झाडं ठेव तुले, तू का मुद्दाम लावली?" त्यांनी ऐकलं नाही.

पोतं हौदाच्या कडेला वाळत पडलं, मग काकूंनी त्यात तूर भरली. ओट्यावर ते बसेनासे झाले. घरातल्या चुलीकडे मात्र सारखे उठून जायचे. स्वयंपाक झाल्यावर काकू निखाऱ्यांवर पाणी मारायच्या, तरी हे पुन्हा जाऊन राख उकरायचे, पुन्हा पाणी ओतायचे. चूल चिखल होऊन जायची. मी खोली सोडली त्या दिवशी काकू दारात आल्या आणि म्हणाल्या, "तुमी तरी सांगा जी याइले. चूल म्या इझवली हाय. माह्यावर भरोसा नाई, सोतावर नाई, कोनावर तरी ठेवा म्हना." मी काकांना म्हणालो, काका, चूल विझली आहे. ते म्हणाले, "तुले काय दिसते, मुन्शी. वरून समदं गारच दिसते."

त्या वर्षी पान फार छान आलं. ठेकेदार खूश होता.

मी ते काम पुढे सोडलं, आर्णीला स्पेअर पार्ट्‌सचं दुकान टाकलं. सुधारलो म्हणून नाही. डोंगराकडे बघत राहणं जमेना.

गावात काय झालं ते मला येणारा-जाणारा सांगतो. कंडक्टरची पद्धत कोणी पाळत नाही. का पाळावी? ज्याने शिकवली त्याच्याच हाताखालून डोंगर गेला, असं सगळ्यांनी त्याच्याच तोंडून ऐकलं. आता पाला पेटवतात आणि घरी जातात. दर वर्षी कुठला तरी उतार जळतो. हल्ली गार्डाच्या मोबाईलवर उपग्रहाचा निरोप येतो, अमुक जागी आग. तो मोटारसायकल काढून जातो. आग सापडते, माणूस सापडत नाही. मग पलीकडून आली.

या मार्चमध्ये मी गेलो. सांगायचंच असं ठरवून गेलो होतो. वाटेत गाडी दोनदा थांबवली, एकदा तर परत वळवलीही. पोचलो तेव्हा डोंगराच्या खांद्यावरून धुराची रेघ चढत होती. काकू थकल्यात, पण हिंडत्या-फिरत्या आहेत. ते ओसरीवर खाटेवर होते. डोळ्यांनी जवळपास दिसत नाही आता. मी नुसतं काका म्हणालो, तर म्हणाले, "मुन्शी काय?"

मी जवळ बसलो. त्यांनी विचारलं, दुकान कसं आहे, लेकरं काय करतात. मग नाक वर केलं.

"लागली वाट्टे."

"हो काका."

"गावातली पोरं आलती सकाई. त्या जुन्या पट्ट्याचं इचारत होते, कसा झाडाचा म्हनून. म्या सांगतलं, मले नका इचारू बाप्पा. माह्याच्यानं डोंगर गेला, मी काय सांगू तुमाले."

हाच तो क्षण होता. काकू आत होत्या. तोंड उघडलं मी. आणि ते म्हणाले, तू त्या दिवशी संगं होता, तूच एक माझ्या बाजूने उभा होता, बाकी सगळे तमाशा बघत होते. काकूंनी चहा आणला. मी चहा प्यायलो. अंधार व्हायच्या आत निघतो म्हणालो आणि निघालो. चूल पाहून या म्हणून ते आत काकूंना सांगत होते, ते गाडी सुरू करताना ऐकू आलं.

हे छापून येईल कदाचित. त्यांना वाचता येत नाही आता, आणि त्या गावात हे कोणी वाचून दाखवेल असं नाही. म्हणजे लिहून काही फिटलेलं नाही. मला त्या गावात जाऊन, शाळेच्या ओट्यावर, पोडावरचे लोक आणि ती पोरं ऐकत असताना, त्यांचा हात धरून सांगायचं आहे की तुमची पद्धत बरोबर होती, आग माझी होती. ते जिवंत आहेत तोवर सांगायचं आहे. अजून सांगितलेलं नाही.